नीलाचा जीवाणू आणि त्याचा शेजारी

नीलाच्या नवऱ्याचा, प्रकाशचा फोन आला तेव्हा मी बँकेत होते. "सकाळी गेली नीला," एवढंच म्हणाला. मी हातातलं काम संपवलं आणि वैशाली नगरला त्यांच्या घरी गेले. माझ्या मैत्रिणीला अर्धवट कामाची चीड होती... आणि तिचं स्वतःचं एक काम तेव्हा अर्धवटच होतं.

नीला अमरावतीची, मी नाशिकची. नवऱ्यांच्या बदल्यांमुळे दोघी जयपूरला आलो आणि इथेच राहिलो. ती सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. सांभर सरोवराच्या खाऱ्या चिखलातून तिने एक जीवाणू आणला होता, हवा लागली की मरणारा. तो काचनळीत रबरी बुचाखाली राहायचा. दर महिन्याला सुईने थोडा द्रव काढून ताज्या नळीत सोडायचा, नाहीतर तो संपला. त्यामुळे तिला कुठे जाता यायचं नाही. सख्ख्या भाचीच्या लग्नातून अक्षता पडल्या की परतीची गाडी. "यापेक्षा घरात म्हातारं माणूस परवडलं," मी म्हणायचे. "म्हाताऱ्याकडे शेजारीण तरी बघते गं," ती म्हणायची.

त्या नळीत दुसराही एक जीवाणू होता. तिच्या लेखी तो कचरा. सूक्ष्मजीवशास्त्रात शुद्ध, बिनभेसळ वाढीलाच मान, म्हणून तिने वर्षानुवर्षं तो दुसरा वेगळा काढून टाकला. पण पहिला एकटा राहिला की मलूल व्हायचा. दर वेळी तिला वाटायचं, आपण घातलेलं खाद्यच चुकतंय.

मग तिची फुप्फुसं आकसू लागली. नाकाला ऑक्सिजनची नळी, ती यंत्राला जोडलेली. नळीची लांबी संपली की तिचं घर संपायचं. जन्मभर ऑक्सिजनला दाराबाहेर ठेवलं, आता त्याच्याच दावणीला बांधली गेले, असं ती हसत सांगायची. खोकल्यानेच ते हसणं थांबायचं.

अशात जीवाणूच्या जनुकांचं पूर्ण वाचन हाती आलं. पलंगावर लॅपटॉप घेऊन ती दिवसभर बघत होती. संध्याकाळी मला म्हणाली, "मूर्ख आहे मी."

"आज कळलं?"

"ऐक. हा अन्न खातो तेव्हा हायड्रोजन सोडतो. तो साठला की याचं पचनच थांबतं. दुसरी वाट काढायची जनुकंच नाहीत याच्यात. तो कचरा हाच हायड्रोजन खात होता. मी याचा शेजारी मारत बसले, आणि हा स्वतःच्याच वायूत घुसमटत होता."

पहिल्याला एकटं वाढवलेल्या तिच्या सगळ्या नळ्या तोवर मेल्या होत्या. जुनी, भेसळीची एकच नळी तिचे सहकारी माथुरजी यांच्या फ्रीजमध्ये उरली होती; थंडीत वाढ मंदावते, म्हणून ती कदाचित जिवंत असेल. त्यातून वाढ झाली नाही, तर जीवाणू फक्त कागदावर राहणार होता. तिला प्रयोगशाळेत जाणं शक्य नव्हतं. माथुरजी ती जुनी नळी आणि ताज्या नळ्या घेऊन घरी आले. नीलाला आता सुई धरवत नव्हती.

"माथुरजी बुरशीवर काम करणारे, त्यांना उघड्या हवेची सवय. त्यांच्या हातून नळीत हवा जाईल," ती म्हणाली. "तू टोच. सासूबाईंना इन्सुलिन देतेस ना?"

"सासूबाई ओरडतात तरी. याला दुखलं तर कसं कळायचं?"

"गुलाबी होईल. हवा शिरली की आतला रंग गुलाबी होतो."

सुईतली हवा घालवायची, बूच पुसायचं, सरळ टोचायचं. तिने सांगितलं तसं मी केलं. रंग पालटला नाही. "आता गढूळ व्हायला हवं, म्हणजे वाढ झाली," नीला म्हणाली. ते बघायला ती राहिली नाही.

तिच्यानंतर आठवड्याने माथुरजींचा फोन आला. मी तिच्याच खोलीत औषधं निवडत होते. "मॅडम, नली धुंधली हो गई है."

नळी गढूळ झाली, असं मी सांगितल्यावर प्रकाशने विचारलं, "खराब झाली का?"

"नाही. दोघंही वाढतायत."

तो पलंगाच्या कडेवर बसला. धुळीने तिला त्रास होतो म्हणून लावलेल्या खिडक्या अजून बंदच होत्या. "आता कोण बघणार त्यांच्याकडे?"

मी माथुरजींना पुढची सुई कधी ते विचारलं. त्यांनी सांगितलेल्या आठवड्यात मला नाशिकला आईकडे जायचं होतं. तिकीट रद्द केलं.