बैसाणे मॅडमची लाट

"दोन नावं राहू द्या. तिसरं काढा."

आमच्या संचालकांनी हे इतक्या सहज सांगितलं, की मला वाटलं चहात साखर कमी टाकायला सांगताहेत. जळगावच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासची नवी शाखा धुळ्यात उघडायची होती. उद्घाटनाला आमदार येणार होते, आणि त्यांना दाखवायला आमचा डेमो हवा होता.

डेमो म्हणजे काय, ते आधी सांगतो. माझ्या मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे स्क्रीनसेव्हर." तिला काय बोलणार! नव्वदीच्या सुरुवातीला आमच्याकडे गेमच्या फ्लॉप्या यायच्या, कुठल्यातरी परदेशी पोरांनी कुलूप तोडून कॉपी केलेल्या. गेम सुरू होण्याआधी त्या पोरांची नावं पडद्यावर नाचायची, सोबत संगीत. पुढे त्यांनी गेम सोडले आणि नुसतं नाचवणंच ठेवलं. तो डेमो. व्यवहारात उपयोग शून्य. एवढ्याशा मशीनकडून काय काय करून घेता येतं ते एकमेकांना दाखवायचं, बस.

ते बघून आम्हा तिघांना खाज सुटली. मी डॉस आणि वर्डस्टार शिकवायचो. भूषण मशीन दुरुस्त करायचा, मूळचा दोंडाईचाकडचा, संचालक सोडून सगळ्यांशी अहिराणीतच बोलायचा. आणि सुरेखा बैसाणे, शिंदखेड्याची, गणितात एम.एस्सी. बॅचमधून मशीन मोकळं झालं की आम्ही त्यावर बसायचो. म्हणून ग्रुपचं नाव ठेवलं 'पिलबाग'. केळीचं पहिलं पीक निघाल्यावर बुंध्याशी फुटलेल्या पिलांवर, म्हणजे कोंबांवर, दुसरं पीक धरतात ती बाग. खानदेशातला असा पहिला ग्रुप आमचाच असावा. दुसरा असता तरी त्यांनी आम्हाला कळवायचं कसं, हा प्रश्नच होता.

आमच्या डेमोत केळीची पानं वाऱ्यावर हलायची आणि त्यांच्यामधून आमची नावं देवनागरीत लाटांसारखी वाहत जायची. भूषणने मुख्य प्रोग्रॅम लिहिला आणि आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून अक्षरं काढली. संगीत माझं. ते मशीनच्या आतल्या छोट्या स्पीकरमधून यायचं. बायकोने ऐकून विचारलं, "शिलाई मशीन बिघडलं का?" लाट मात्र बैसाणे मॅडमची. आमचं मशीन इतकं मंद, की लाटेचं गणित करत बसलं तर चित्र अडखळायचं. म्हणून तिने आकडे आधीच काढून एका फाइलीत भरून ठेवले. प्रोग्रॅमने फक्त आकडा उचलायचा आणि अक्षर असो की केळीचं पान, तेवढं सरकवायचं.

ग्रुपचा नियम एकच होता. ज्याचं काम त्याची फाइल, आणि फाइलीच्या सुरुवातीला त्याचं नाव. प्रोग्रॅम तिथूनच नाव वाचून पडद्यावर आणायचा.

तर संचालकांना मी विचारलं, "तिसरं म्हणजे कोणाचं, सर?"

"बैसाणे मॅडमचं."

"का पण?"

"उगाच कशाला. आमदार, व्यापारी, चार मोठे लोक येणार. बरं दिसत नाही."

"काय बरं दिसत नाही?"

"तुम्हाला कळतंय. वाद घालू नका."

काय बरं दिसत नाही, ते त्यांनी शेवटपर्यंत तोंडाने सांगितलं नाही. आडनाव ऐकून जात काढणाऱ्यांना ते सांगावं लागत नाही. याच माणसाचा मुलगा बारावीचं गणित तिच्याकडे शिकत होता, फुकट. तिथे आडनाव आड आलं नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिडीक जाऊन मी काय केलं, तर कप बशीत जरा जोरात ठेवला. आमच्या घराण्यात संताप इथवरच पोचतो.

बाहेर येऊन दोघांना सांगितलं. भूषण तडकला. "मंग मन्हं बी नाव काढी टाक. तुन्हं बी काढ."

"नाही," बैसाणे मॅडम म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हातातला खडू मोडला होता. "सरांनी एकच काढायला सांगितलंय ना? एकच काढायचं. नियमाप्रमाणे."

तिने स्वतः मशीनवर बसून आपली फाइल फ्लॉपीवर घेतली, सगळ्या मशीनवरून पुसली आणि फ्लॉपी पर्समध्ये टाकली. फाइल ठेवून नुसतं नाव पुसता आलं असतं, ते चुटकीचं काम होतं. पण आमच्यापैकी कोणाचे हात त्याला लागले नसते. भूषणने प्रोग्रॅम असा लिहिला होता, की एखादी फाइल सापडली नाही तर मशीन अडकू नये. तिथे शून्य धरावं आणि पुढे जावं.

धुळ्याला आम्हा दोघांनाच नेलं. मॅडमना सांगितलं, जळगावच्या बॅचेस बुडायला नकोत.

फीत कापली गेली. संचालकांनी माइक घेतला. "आता आमच्या संस्थेची निर्मिती," म्हणाले, आणि मला इशारा केला. मी एंटर दाबलं.

केळीची पानं खांबासारखी ताठ उभी. माझं आणि भूषणचं नाव एका जागी, सरळ, दुकानाच्या पाटीसारखं. वर माझं संगीत, पूर्ण ताकदीने.

आमदारांनी बराच वेळ पाहिलं. "हे हलत का नाही?"

"मॅडमची फाइल शून्य शे ना, साहेब," भूषण गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "काढाले लावी."

"कोणी लावली?"

भूषणने संचालकांकडे पाहिलं. आमदारांनीही पाहिलं. व्यापारी मंडळी पेढ्यांकडे वळली.

संचालकांनी ऑफिसात जाऊन जळगावला एसटीडी लावला. मी दारात उभा होतो. पलीकडचं बोलणं मॅडमने नंतर सांगितलं, म्हणून पूर्ण देतो.

"मॅडम, ती हलायची फाइल कुठंय?"

"ती माझ्या नावाची होती, सर. तुम्हीच काढायला सांगितली."

"मी नाव काढायला सांगितलं होतं. काम नाही."

"काम ठेवून नुसतं नाव काढायला मला येत नाही, सर. ठेवते, बॅच चालू आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला काढलं. त्याच दुपारी भूषण आणि मी राजीनामे दिले. माझे सासरे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तो एक फायदा. तिघांनी मिळून एका खोलीत क्लास काढला. 'पिलबाग'ने पुढे आणखी दोन डेमो केले, मग लग्नं, बाळंतपणं आणि घरांचे हप्ते यांत ती आपोआप वाळली. तो पहिला डेमो मात्र तिन्ही नावांसकट, लाटेसकट, फ्लॉपीवरून फ्लॉपीवर खानदेशभर फिरला.

संचालकांनी कधी माफी मागितली नाही. लग्नकार्यांत भेटतात, तेव्हा पाहुण्यांना सांगतात, "ते पहिलं ग्राफिक्सचं काम आमच्या संस्थेतलं." मी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जातो. एवढ्या वर्षांत संतापात माझी प्रगती इतकीच.

तरी धंद्यातल्या नव्या लोकांसाठी एक सूचना देऊन ठेवतो. माणूस वगळून त्याचं काम वापरायचं असेल, तर आधी घरी चालवून बघावं. आमदारांसमोर नाही.