आखडलेली सळई

“सळई लांबते ते ठीक, पण आखडते कशी?”

पार्टिशनपलीकडून साहेबांचा आवाज आला आणि माझं पेन थांबलं. भिंगारच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत लागून मला चारच महिने झाले होते. इंजिनातल्या झडपांच्या मिश्रधातूची सळई भट्टीत टांगायची, खाली वजन लावायचं आणि ती तासातासाला किती लांबते ते बघायचं, हे आमचं काम. भट्टीवाला काट्यावरचा आकडा वहीत लिहायचा, मी तो कोडिंगच्या कागदावर उतरवायचे. कागद एस.टी.नं पुण्याला जायचे. तिथं कार्डं पंच व्हायची आणि कॉम्प्युटर सांगायचा, हीच सळई हजार तासांनी केवढी होईल.

मला या सगळ्याचं वेडच लागलं होतं. तापलेला धातू उन्हातल्या गुळासारखा हळूहळू ढळतो, आणि त्याचं पुढचं सगळं वागणं एका समीकरणात मावतं! पुण्याहून कॉम्प्युटरनं छापलेला घड्यांचा कागद आला की मी तो फरशीवर उलगडायचे आणि गुडघ्यांवर रांगत वाचायचे, कुणी बघत नाही ना याची खात्री करून.

आज तो साहेबांच्या हातात होता. भट्टीवर नवीन आलेल्या मामांच्या नोंदींचा हा पहिलाच कागद. वीस वर्षं वर्कशॉपमध्ये घण मारल्यावर त्यांना इथं खुर्ची मिळाली होती, आणि त्यांची सळई समीकरणाला जुमानत नव्हती.

“तुम्हाला डुलकी लागली असणार. उद्यापासून परत वर्कशॉपला जा.”

“डुलकी? त्या भट्टीम्होरं?” मामा उसळले. “साहेब, लोखंड हाय ते, गोगलगाय न्हाई अंग आखडून घ्यायला!”

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. तेवढ्यात साहेबांनी मलाही आत बोलावलं. वही टेबलावर उघडीच होती.

“वाचा तुमचं तुम्हीच,” ते मामांना म्हणाले.

“बारा. चौदा. सोळा.”

“चौदा कुठून काढलंत? इथं पुण्याच्या कागदावर अठरा आहे.”

“मंग त्या पुन्याच्या मशिनीलाच इचारा. तिला लई अक्कल!”

मी मामांच्या खांद्यावरून वहीत डोकावले. बारा इंग्रजी आकड्यांत होते, सोळाही. चौदातला एक इंग्रजी, पण चार? मामांचा हात सगळे इंग्रजी आकडे शिकला होता, चार तेवढा गावचाच राहिला होता. डोक्यावर मिटलेला, गुबगुबीत ४. कॉन्व्हेंटमध्ये वाढलेल्या माझ्या डोळ्यांना तो महिनाभर आठ दिसत आला होता.

म्हणजे पुण्यातलं ते खोलीभर यंत्र माझ्या आठांवर विश्वास ठेवून, आळीसारखी लांबणारी-आखडणारी सळई समीकरणात बसवायला धडपडत होतं! पोटातून हसू उसळलं. कान तापले. ऑफिसात सगळे माझ्या इंग्रजीचं कौतुक करायचे; चार महिन्यांत ‘हो सर’, ‘नाही सर’पलीकडे मी काही बोलले नव्हते. साहेब मामांच्या बदलीच्या कागदाला पेन लावत होते.

“सर, थांबा,” मी म्हणाले, वाटलं होतं त्याहून खूप मोठ्यानं. “सळई बरोबर आहे, मामाही बरोबर आहेत. मला मराठी चार वाचता येत नाही!”