शेवटच्या ओळीतलं नाव

आमच्याकडे गाणं लिहिणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. मी माझ्या गाण्यात ताईंचं नाव गुंफलं.

अकोल्यात आमच्या वस्तीतल्या शाळेला लागून दारूचं दुकान होतं. ते हटावं म्हणून बायका रोज संध्याकाळी रस्त्यावर बसत. मी त्याच शाळेत शिक्षक. दुकान संस्थाचालकाच्या भावाचं, त्यामुळे समोर यायला भ्यायचो. गाणी लिहून द्यायचो, गायच्या ताई. त्या शाळेत मुलांची खिचडी शिजवत. हातात खंजिरी आली की त्यांचा आवाज असा सुटायचा, की ऑटोवाले इंजिन बंद करून ऐकत.

"बाईनं लिहिलेलं म्हटलं की गाण्याला जोर येईल," असं मी त्यांना पटवलं. खरं कारण माझी नोकरी.

त्या हसल्या. "म्हंजे सैपाक तुमचा न् वाढनारी मी. तिखट लागलं त शिव्या मलेच बसतीन, सर."

बसल्याच. दुकानदाराच्या पोटाला मी रांजण म्हटलं होतं. कुणीतरी ते गाणं मुख्याध्यापकांना मोबाइलवर पाठवलं. त्यांनी ताईंना बोलावून घेतलं. मी तिथेच हजेरी भरत बसलो होतो. त्यांनी गाणं शेवटपर्यंत वाजवलं. ताईंचं नाव आलं.

"हे तुम्हीच लिहिलं?"

ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वहीतून डोकं वर काढलं नाही.

"हो जी. म्याच लिवलं."

दुसऱ्या दिवशी खिचडीला वेगळी बाई आली.

पुढे दुकान हटलं. आनंदाच्या सभेत तेच गाणं झालं, ताईंच्या नावाला टाळ्या पडल्या. ताई तोवर अमरावतीला, क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला गेल्या होत्या.

गेल्या महिन्यात मी तिथे गेलो. माफी मागितली. म्हणालो, "आता मुख्याध्यापकांना खरं सांगतो."

"तीन वर्सं झाले, सर. तोंडाले कुलूप व्हतं का?" पोळी उलटत त्या म्हणाल्या. मग हळूच, "काम गेल्याचं काई नाही वाटलं जी. तुमी एक डाव इकडं पाहान, असं वाटलं व्हतं."

त्यांनी मला जेवायला वाढलं. मी जेवलो. एखादं गाणं म्हणता का, असंही विचारून बसलो.

"गानं सोडलं म्या."

परतीच्या बसमधून मुख्याध्यापकांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला. मी परीक्षेचं वेळापत्रक विचारलं.