पाचपैकी सहा

माझी आत्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत बावीस वर्षं मशीन चालवते. चादरीवरचा डाग औषधाचा की चहाचा, ती दारातूनच सांगते. बोलते नाकातून, शब्दाला कडक इस्त्री करून: "कोण विचारतंय? मला?"

गेल्या महिन्यात तिथे ट्रेनिंगचे साहेब आले. स्क्रीनवाली नवी मशिन्स येणार होती. शिकवण्याआधी कोणाला किती येतं ते बघायचं, म्हणून त्यांनी कागद वाटले. प्रत्येक कामापुढे स्वतःला पाचपैकी गुण द्या. साहेबांच्या घशात कायम कापूस: "अगदी, अं, मोकळेपणानं, अं, लिहा."

पण त्या लाँड्रीत 'येत नाही' म्हणणाऱ्याला दिवसभर अभ्रे उलटे-सुलटे करायला बसवतात. ही पद्धत आत्यानेच पाडलेली. साहजिकच तिथल्या अकराही जणांनी सगळीकडे पाच लिहिले. आत्याने तर स्क्रीनच्या कामापुढे सहा.

साहेब खूश. तुम्हाला सगळं येतंच, तर ट्रेनिंग रद्द, सोमवारपासून चालू करा, सुरुवात सहावाल्या बाईंनी. जो कपडे खराब करेल तो मशीनवरून कायमचा घड्या घालायच्या टेबलावर.

त्या दिवशी आत्या घरी आली ती तोंड पाडूनच. मला म्हणाली, तू सगळ्यांच्या नकला करतोस ना, 'येत नाही' कसं म्हणतात ते दाखव. मी मान खाली घालून, आवाज बारीक करून दाखवलं. मग तिने करून बघितलं.

"मला येत नाही, असं काही नाही."

तिने पुन्हा म्हटलं. या वेळी वाक्य 'येत नाही'वर थांबलं, पण सूर चूक माझी असल्यासारखा.

पुढचं मला तिच्या शेजारच्या मशीनवाल्या काकांनी सांगितलं. काका प्रत्येक वाक्याआधी ढेकर देतात, तो सोडून सांगतो. सोमवारी आत्या स्क्रीनसमोर उभी राहिली, पदर खोचला, बोट पुढे केलं, मागे घेतलं.

"साहेब, मला हे येत नाही. तुमचा तो कागदही कळला नव्हता."

मग काका म्हणाले, मलाही. मग रांगच लागली.

साहेबांनी ते सगळे कागद काढून फाडले आणि तीन दिवस स्टूल घेऊन प्रत्येकाच्या मशीनपाशी बसले, कोण काय करतं ते बघत. मग ट्रेनिंग सुरू झालं, दोन आठवड्यांचं; शिकवायला त्यांनी एक मुलगा आणला.

आत्या पहिल्या रांगेत बसते. कालच आईला सांगत होती, शिकवणारा मुलगा बरा आहे, फक्त भरभर बोलतो. उद्या त्याला सावकाश बोलायला शिकवते.