कोल्ह्याची ओळ

जनावरं उपकार कधीच विसरत नाहीत, यावर जपानी लोककथांचं एकमत आहे. बारामतीहून सुटलेल्या एसटीत मी त्याच वाचत होतो. शेजारी बसलेल्या, कळंबला निघालेल्या शेतकऱ्यानं पुस्तकाकडं हनुवटी उडवून विचारलं, "काय हाय त्यात?"

जाळ्यातून सोडवलेला कोल्हा म्हाताऱ्याचं शेत जन्मभर राखतो, ती गोष्ट मी त्याला सांगितली.

तो तंबाखू मळायचा थांबला. "आमी बी बांधाकडची मक्याची एक ओळ कोल्ह्याला सोडतो, सायेब. पार आज्ज्यापासनं. त्यानं तेवढी खावी, बाकीच्या पिकाला तोंड लावू नये."

मी भारावून विचारलं, "मग, मानतो कोल्हा?"

"मानतो की," तो ठामपणे म्हणाला. "यंदा निम्मं वावर खाल्लं. पर सोताची ती ओळ मातूर त्यानं राखलीया."