टोपीवाला गुलाबी बगळा

परदेशातल्या बागांमध्ये हिरवळीवर जो टोपीवाला गुलाबी प्लास्टिकचा बगळा उभा असतो, तो तुमच्या आजोबांनी घडवला. ही गोष्ट मी चाळीस वर्षं लपवली. कुणी विचारलं की मी सांगायचे, "हे वैद्यकीय उपकरणांची डिझाइनं करतात." (आजोबा, म्हणजे सगळ्यांचे भाऊ, शेजारी बसून निमूटपणे चहा ढवळायचे.) सिंगापूरला क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी एकही बगळा येऊ दिला नाही.

मग ते गेले. दहाव्याला आम्ही समुद्रकाठी पिंड ठेवला आणि मन खात होतं म्हणून मी त्याच्या शेजारी वाळूत मुद्दाम विकत आणलेला एक बगळा रोवला. अगदी काटकोनात. (व्यवस्थितपणा अशा वेळीही सुटत नाही.)

कावळे झाडावर आले, पण खाली उतरेनात. पिंडाला कावळा शिवला नाही, तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असं आपल्यात मानतात. तुमचा निखिलकाका पुढे झाला.

"बाबा, आईला मी सांभाळेन."

एका कावळ्याने पंख साफ केले.

"बाबा, सिगारेट सोडतो."

"तू ओढतोस?" मी विचारलं.

"आई, आत्ता नको. आणि जरा आटपा. इथे पक्ष्यांना खायला घालायला बंदी आहे."

गुरुजी घड्याळ बघून म्हणाले, "आजी, दर्भाचा कावळा करून शिववू का?"

"नको. जन्मभर खोटे पक्षीच केले त्यांनी. आज खराच हवा."

"मग तुमच्या मनात काही असेल तर बोला."

मी हात जोडले आणि मोठ्याने बोलले. (त्यांना कमी ऐकू यायचं.) "अहो, तुमच्या बगळ्याची मला लाज वाटायची. उपकरणांचं मी खोटं सांगत आले. बगळा छान आहे. चुकलं माझं."

जमलेली सगळी मंडळी माझ्याकडे बघू लागली. शेजारच्या देसाईबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझ्या गुडघ्यात बसवलाय तो सांधा भाऊंनी केलेला नाही?"

कावळे ढिम्म.

तेवढ्यात तिथे झाडणारा म्हातारा चिनी अंकल झाडू टेकवून सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "आंटी, युअर बर्ड टू बिग लाह. क्रो स्केअर्ड." त्याने बगळा उपटून माझ्या हातात दिला. तीन कावळे एकदम उतरले.

"भाऊ तृप्त झाले," मंडळी म्हणाली.

मी बगळा काखोटीला मारून उभी होते. तृप्त झाले ते कावळे. आजोबांना जे ऐकायचं होतं ते मी बोलले, तेही कावळ्यांसाठी आणि दहा दिवस उशिरा. वक्तशीरपणावर मी तुम्हाला लिहिलेली पत्रं खुशाल फाडून टाका.