लाल फुलीचा नारळ

रविवारी सकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला आणि तव्यावरचा पोळा करपला. फोनमध्ये त्यांच्या अंगणातला नारळ दिसत होता. बुंध्यावर लाल रंगाची ही मोठी फुली.

"रस्ता रुंद होतोय, झाड पाडणार म्हणे," त्या म्हणाल्या. "मी झाडाखाली खुर्ची टाकून बसलेय. माझ्या नातीची नाळ आहे इथे. बघतेच कोण हात लावतो ते."

नवऱ्याचे डोळे भरून आले. मी करपलेला पोळा खरवडत राहिले.

नवरा इग्बो, नायजेरियाचा. आम्ही दोघं नोकरीसाठी जर्मनीत हॅनोव्हरला आलो आणि इथेच भेटलो. त्याचं गाव एनुगू शहराच्या वेशीवर. गाव म्हणावं तर तोंडाशीच सिमेंटची दुकानं, शहर म्हणावं तर परसात कसाव्याचे कंद आणि अंगणात पूर्वजांची थडगी. लग्नानंतर मी एकदाच गेले होते. तांबडी धूळ, आपल्याकडच्यासारख्याच रिक्षा आणि भिंतीभिंतीवर रंगवलेलं, 'हे घर विकाऊ नाही.' शहर जवळ आलं की भामटे दुसऱ्याचं घर परस्पर विकतात, म्हणून ही पाटी. दर फोनला शहर आणखी थोडं पुढे सरकलेलं असे.

तिथली रीत अशी, की बाळाची गळून पडलेली नाळ घरच्या झाडाखाली पुरायची. ते झाड मग त्या बाळाचं. मुलगी झाली तेव्हा सासूबाईंनी दहादा बजावलं होतं, नाळ जपून ठेव, माझा मुलगा गावी येईल तेव्हा त्याच्याबरोबर पाठव. मी कसली जपतेय! आठवडाभर झोप नव्हती. डायपरबरोबर नाळही रेस्टम्युलच्या, म्हणजे उरल्यासुरल्या कचऱ्याच्या, काळ्या डब्यात गेली आणि मला आठवेपर्यंत कचऱ्याची गाडी येऊन गेलीसुद्धा. मी घाबरले. आईने डिंकाच्या लाडवांसाठी सुंठ पाठवली होती. तिचा एक बारीक, वाळका तुकडा मऊ फडक्यात बांधला आणि नवऱ्याच्या हाती दिला. त्याने तो विमानात शर्टाच्या खिशात, छातीशी धरून नेला.

चौदा वर्षं सासूबाई माझ्या सुंठेला पाणी घालत होत्या. आणि मी दर सुट्टीत काहीतरी कारण काढून मुलीला पुण्यालाच नेत होते. त्या झाडासमोर उभं राहायची माझी छाती नव्हती.

तो आठवडा मला धड बसवेना. भाजीत दोनदा मीठ घातलं. मुलीने जर्मनमध्ये विचारलं, "मम्मी, वास इस्ट लोस?" काय झालंय म्हणून. मी म्हटलं, "काही नाही, तू जेव." दिराचे रोज निरोप येत होते: आई उठत नाही, जेवण तिथेच. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, ते ऊन, आणि उद्या यंत्र आलं तर? माझ्या खोटेपणापायी? शुक्रवारी नवरा कामावर असताना मीच फोन लावला.

"ममा, उठा तिथून," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. काळा डबा, गाडी, सुंठ. बोलता बोलता रडलेही.

मागे कुठेतरी रोडरोलर घरघरत होता.

"फडकं सोडलं तेव्हाच वास आला होता," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं सूप करतेय मी. आलं ओळखणार नाही?"

"मग पुरलंत कशाला?"

"मुलाने एवढं जपून आणलं होतं. म्हटलं, झाड असलं तर पोरगी कधीतरी बघायला येईल." त्यांनी पदराने, म्हणजे त्यांच्या त्या रंगीत कापडाच्या टोकाने, कपाळ पुसलं. "एकदा ती येऊन बघून गेली, की खुशाल पाडा म्हणावं. तोवर मी उठत नाही. कुठंय ती?"

मुलगी पलीकडच्या खोलीत अभ्यास करत होती. मी फोन तसाच धरून तिच्या खोलीचं दार उघडलं आणि म्हटलं, "आजी तुला बोलावतेय."